'यमुनापर्यटन' वाचताना

मराठीतील पहिली कादंबरी कोणती, असे विचारले की बाबा पदमनजींचे 'यमुनापर्यटन' आणि १८५७ हे साल आपण पाठ म्हणून दाखवतो. सेमिनरीत असल्यापासून आम्हीही तेवढेच करीत आलो. पदमनजी प्रोटेस्टंट, म्हणूनही आपल्या घरांतून ते मागे राहिले असावे. पुस्तक प्रत्यक्ष वाचले ते या पावसाळ्यात, नाशिकला, सायंकाळची मिस्सा आटोपल्यावर. आणि कबूल करतो, निव्वळ आनंदासाठी.

ही व्हिक्टोरिया राणीच्या काळातील कादंबरी. नऊ वर्षे आधी, १८४८ साली, न्यूमन यांनी इंग्लंडमध्ये धर्मांतराच्याच विषयावर 'लॉस अँड गेन' प्रसिद्ध केली. तिचा नायक ऑक्सफर्डचा विद्यार्थी. पदमनजींनी मात्र पतीसोबत प्रवासाला निघालेली एक तरुण मराठी स्त्री निवडली. यमुना आणि विनायक गावोगाव फिरतात, आणि वाटेत त्यांना विधवांच्या कहाण्या ऐकायला मिळतात. पुनर्विवाहाचा कायदा १८५६ सालीच झाला होता. पण माजघरात त्याला कोण विचारतो? केशवपन चालूच होते. या कहाण्यांतील माणसे बोलतात ती घरातली मराठी, आणि खरी गोडी तिथेच आहे. मधूनच लेखक कथा थांबवून उपदेश करू लागतो. प्रवचन हे आमचेच रोजचे काम असल्याने ती पाने आम्ही भरभर उलटली!

पुढे विनायकाचा मृत्यू होतो. इतरांची दुःखे ऐकत आलेली यमुना स्वतःच विधवा होते. तेथे पुस्तक मिटून आम्ही थोडा वेळ नुसते बसलो.

एक गोष्ट मात्र खटकली. यमुनेची श्रद्धा पतीच्या श्रद्धेशी आरंभापासूनच जुळलेली आहे. त्या दोघांत तंटा असा नाहीच. नाशिकजवळच्या जलालपूरला जन्मलेल्या लक्ष्मीबाई टिळकांना हे इतके सोपे गेले नाही. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ सालचा, लक्ष्मीबाईंचा १९०० सालचा. मधली ताटातूट, संताप, सोवळेओवळे एकेक करून गळून पडणे, हे सारे 'स्मृतिचित्रे'त आहे. त्याचा पहिला भाग १९३४ साली निघाला. पदमनजींनी यमुनेला ही पाच वर्षे दिलीच नाहीत. दिली असती तर कादंबरी कितीतरी मोठी झाली असती, असे आम्हांस वाटते.

आमची प्रत ग्रंथालयाची आहे. परत करण्याची मुदत उलटून गेली आहे, आणि आता आमच्या धर्मग्रामातील एका सिस्टरांनी ती वाचायला मागितली आहे.