काचकामाची ज्योत आणि तिचा प्राणवायू

सोनाराच्या दुकानातली ती वाकडी पितळी फुंकणी तुम्ही पाहिली असेलच. दिव्याच्या ज्योतीपाशी तिचे टोक धरून सोनार गाल फुगवतो आणि फुंकर घालतो. मघापर्यंत पिवळी, मऊ, धुरकट असलेली ज्योत एकदम निळसर होते, सुईसारखी आडवी धावते आणि नेमकी डाग द्यायच्या जागी टेकते. नाकातल्या चमकीला तेवढी आच पुरते. काचेच्या नळ्या वाकवणारा, त्यांना फुगे काढणारा, एका नळीला दुसरी जोडणारा कारागीर मुळात हेच करीत असे. फरक इतकाच की त्याला आच जास्त लागे, आणि ती तासन्‌तास लागे. माणसाचा दम तेवढा पुरत नाही. शिवाय छातीतून परत आलेल्या हवेत प्राणवायू सोळा-सतरा टक्केच उरलेला असतो. म्हणून जाणता सोनार छातीने फुंकत नाही, गालात भरलेली ताजी हवा सोडतो. विज्ञान शिकवणाऱ्या गुरुजींनी ही गोष्ट मुलांना सोनाराकडे नेऊन दाखवावी.

काचेचे काम दोन जातींचे. एक भट्टीचे आणि दुसरे दिव्याचे. भट्टीच्या कामाचा आपल्याकडचा इतिहास पुष्कळांना ठाऊक आहे. अंताजी दामोदर काळे यांनी घरोघर एकेक पैसा मागून पैसा फंड उभा केला, आणि त्या पैशांतून 1908 साली तळेगाव दाभाडे येथे काचेचा कारखाना निघाला. परदेशांत काचविद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तिथे शिकवायला होते. पुढे 1916 मध्ये कराडजवळ ओगल्यांचा कारखाना निघाला, आणि त्यांचा प्रभाकर कंदील खेडोपाडी गेला. आपल्या गोंदियालाही श्री ओनामा ग्लास वर्क्स हा काचकारखाना होता. या भट्ट्यांना प्राणवायू वेगळा विकत घ्यावा लागत नसे. भट्टी मोठी, तिच्या विटांत उष्णता मुरते, आत जाणारी हवाही आधी तापवून घेता येते. रात्रंदिवस कोळसा घाला, काच वितळते.

दिव्याच्या कामाचे तसे नाही. तिथे ज्योत हाताएवढी, उघड्यावर जळणारी, आणि जी काही आच हवी ती त्याच क्षणी, त्याच बिंदूवर हवी. शाळेतली साधी काचनळी स्पिरिटच्या दिव्यावर वाकते, कारण ती सोड्याची काच. सातशे अंशांच्या आसपास ती नरम पडू लागते. पण आज प्रयोगशाळेत जी काच वापरतात ती बोरोसिलिकेट. जर्मनीतल्या येना गावी ऑटो शॉट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ती सिद्ध केली. गरम-थंड झाली तरी तडकत नाही हा तिचा गुण. परंतु ती नरम पडायलाच आठशे वीस अंश लागतात आणि नीट घडवायला बाराशेच्या वर. स्पिरिटच्या दिव्यापुढे ही नळी धरून बसा, बोटे भाजतील पण नळी वाकणार नाही.

इथे एक हिशेब करून पाहू. आपल्या स्वयंपाकाच्या गॅसमधला प्रोपेन घ्या. एक लिटर प्रोपेन पुरा जळायला पाच लिटर प्राणवायू लागतो. हवेत प्राणवायू शेकडा एकवीस. म्हणजे पाच लिटर प्राणवायूसाठी सुमारे चोवीस लिटर हवा आत घ्यावी लागते. त्यातला उरलेला एकोणीस लिटर वायू, मुख्यतः नत्रवायू, जळत नाही आणि जाळतही नाही. तो नुसता पाहुण्यासारखा येतो, ज्योतीची उष्णता पोटभर घेतो आणि निघून जातो. हवेवर जळणारी ही ज्योत म्हणूनच दोन हजार अंशांच्या आतबाहेर राहते. नत्रवायूला दाराशीच अडवले, तर तीच ज्योत अठ्ठावीसशे अंशांच्या आसपास जाते. गॅस तोच, बर्नरही त्याच आकाराचा. कारागिराचा पुढचा सारा इतिहास या पाहुण्याला बाहेर ठेवण्याचा आहे.

पहिली पायरी पायभात्याची. टेबलाखाली चामड्याचा भाता, पायाने दाबायचा, हात मोकळे. युरोपातल्या काचकारागिरांनी उष्णतामापकाच्या नळ्या आणि प्रयोगशाळेची नाना उपकरणे अशीच घडवली. भात्याने दम वाचला, नत्रवायू मात्र राहिलाच.

प्राणवायू वेगळा काढता येतो हे 1770 नंतर कळले. स्वीडनमध्ये शेले आणि इंग्लंडमध्ये प्रीस्टली यांनी तो स्वतंत्रपणे मिळवला. प्रीस्टलीने 1 ऑगस्ट 1774 रोजी भिंगाने सूर्यकिरण एकवटून पाऱ्याचे तांबडे भस्म तापवले आणि त्यातून निघालेल्या वायूत मेणबत्ती भडकून जळाली. लाव्हाझिएने या वायूला नाव दिले. 1801 मध्ये फिलाडेल्फियाच्या रॉबर्ट हेअर या अवघ्या विशीच्या तरुणाने हैड्रोजन व प्राणवायू दोन्ही एका झोतात आणून, तोवर कोणाला दाद न देणारे पदार्थ वितळवून दाखवले. ज्योतीचा प्रश्न सुटला, पण पुरवठ्याचा उभा राहिला, कारण हा वायू दर वेळी घरीच करावा लागे.

तो करण्याची एक जुनी रीत आपल्या परिसराशी नाते सांगणारी आहे. मँगनीजचा काळा दगड, म्हणजे मँगनीज डायऑक्साइड, लालबुंद तापवला की प्राणवायू सोडतो. शेलेने हा दगड वापरला होता. तुमसर तालुक्यातल्या डोंगरी बुजुर्ग खाणीत निघतो तो हाच. गंमत अशी की काचवाल्यांना या दगडाची ओळख फार आधीपासून होती. वाळूतल्या लोखंडामुळे काचेला येणारी हिरवी झाक घालवायला ते चिमूटभर काळा दगड भट्टीत टाकीत. या दगडात प्राणवायू दडलेला आहे हे मात्र त्यांना ठाऊक नव्हते.

(शिक्षकांना इथे एक सावधगिरीची सूचना. पोटॅशियम क्लोरेट तापवून प्राणवायू काढण्याचा प्रयोग जुन्या पुस्तकांत असतो. तो परीक्षानळीपुरता, तोही जपून. ज्योतीला पुरवण्यासाठी अशी भट्टी कोणीही घरी लावू नये. त्यात स्फोटाचे भय आहे.)

विकत मिळणारा प्राणवायू आला तो 1880 नंतर. ब्रिन बंधूंनी बेरियम ऑक्साइडचा उपयोग केला. हा पदार्थ एका विशिष्ट आचेला हवेतला प्राणवायू पिऊन घेतो आणि आच वाढवली की सोडतो. लंडनला 1886 मध्ये त्यांची कंपनी निघाली. ब्रिटिश ऑक्सिजन कंपनी ती हीच. नंतर जर्मनीच्या कार्ल फॉन लिंडे यांनी 1895 मध्ये हवाच द्रवरूप करण्याचे यंत्र बांधले. नत्रवायू उणे 196 अंशांना उकळतो आणि प्राणवायू उणे 183 ला. या तेरा अंशांच्या फटीत बोट घालून त्यांनी 1902 पर्यंत दोघांना वेगळे केले. जगातला बहुतेक प्राणवायू आजही याच रीतीने निघतो. आपल्या देशात 1935 साली इंडियन ऑक्सिजन अँड अ‍ॅसिटिलीन कंपनी निघाली आणि पोलादी सिलिंडर भरून देण्याचा धंदा वाढत गेला. कारागीर आता भाता सोडून सिलिंडरच्या आधाराने बसला. सिलिंडर येईल तेव्हा काम, न येईल तेव्हा सुट्टी.

तिसरी वाट 1950 नंतरच्या दशकात निघाली. झिओलाइट नावाचे सच्छिद्र खनिज आता कारखान्यात बनवता येऊ लागले. दाबाखाली हवा त्यातून नेली की नत्रवायू त्याच्या छिद्रांत अडकतो आणि प्राणवायू पुढे जातो. दाब काढला की नत्रवायू सुटतो आणि खनिज पुन्हा कामाला तयार. घरी रुग्णाच्या उशाशी घुरघुरणारा कॉन्सन्ट्रेटर तो हाच. त्यातून 90 ते 95 टक्के प्राणवायू मिळतो. काचकामाला एवढी शुद्धता पुरते.

आता 2021 सालच्या एप्रिलची आठवण करू या. करोनाच्या दुसऱ्या लाटेत दवाखान्यांत प्राणवायू पुरेना. केंद्र सरकारने 22 एप्रिलपासून उद्योगांचा प्राणवायू थांबवला, नऊ प्रकारचे उद्योग तेवढे वगळले. तीनच दिवसांत आदेश आणखी आवळला गेला. त्याच सुमारास नवी मुंबईच्या कळंबोलीहून रिकामे टँकर घेऊन निघालेली रेल्वेगाडी नागपूर-रायपूरमार्गे विशाखापट्टणमच्या पोलाद कारखान्याकडे गेली, आणि भरलेले टँकर नागपूर व नाशिकला पोचले. गोंदिया याच नागपूर-रायपूर लोहमार्गावरचे जंक्शन. भिलाईच्या पोलाद कारखान्यातला प्राणवायूही या दिवसांत दवाखान्यांकडे वळला. तोवर बहुतेकांच्या लेखी प्राणवायू म्हणजे दवाखान्याची वस्तू. तो पोलादाला, वेल्डिंगला आणि काचेलाही लागतो हे लोकांना तेव्हा कळले.

वेल्डरचा झोत विझला, काचवाल्याचा विझला. तो विझायलाच हवा होता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. वगळलेल्या नऊ उद्योगांत इंजेक्शनच्या कुप्या बनवणारे कारखाने होते, आणि आदेश आवळल्यावरही थोड्याच दिवसांत त्यांना मोकळीक द्यावी लागली. कुपी काचेची. ती काच बोरोसिलिकेटच्या जातीची, आणि प्राणवायूच्या ज्योतीवरच घडणारी. रोग्याच्या नाकाशी धरलेला वायू आणि त्याच्या दंडात टोचायच्या लशीची कुपी, दोघांची मागणी एकाच टाकीवर. अशा वेळी कोणाला किती द्यायचे हे ठरवणे सोपे नव्हते.

आता समजा, गोंदियाला लागून असलेल्या फुलचूरमध्ये एखाद्या तरुणाने काचकाम शिकून घेतले आहे आणि त्याला घरी झोत लावायचा आहे. त्याने प्राणवायू कुठला घ्यावा? मोठा सिलिंडर सात घनमीटरचा, म्हणजे सात हजार लिटरचा. झोत मिनिटाला दहा लिटर पीत असेल, तर सातशे मिनिटे, बारा तासही नाहीत. दोन दिवसांचे काम. पण दाब भरपूर मिळतो, वायू शुद्ध असतो, आणि लाईट गेली तरी ज्योत जात नाही. जाड बोरोसिलिकेट जोडायची असेल तर मी सिलिंडरच घे म्हणेन. द्रवरूप प्राणवायूच्या वाटेला त्याने जाऊ नये. एका लिटरचा साडेआठशे लिटर वायू होतो हे खरे; पण न वापरला तरी तो रोज थोडा थोडा उडून जातो. रात्रंदिवस चालणाऱ्या कारखान्यालाच तो परवडतो.

मणी, लहान नळ्या, शोभेच्या वस्तू असे बारीक काम असेल तर कॉन्सन्ट्रेटर चांगला. मिनिटाला पाच लिटर देणारे यंत्र लहान बर्नरला पुरते, आणि बर्नर कमी दाबावर चालणारा निवडावा लागतो. करोनाच्या वेळी घेतलेली अशी यंत्रे पुढे अनेक ठिकाणी पडून राहिली. जुने यंत्र मिळाले तर प्राणवायूचे प्रमाण मोजून मगच घ्यावे. मात्र कोणा रुग्णाच्या उपयोगी पडेल असे चालू यंत्र काचेसाठी अडवून ठेवू नये. आपल्या भागात आणखी दोन शत्रू आहेत. एक भातगिरण्यांची धूळ. ती यंत्राची जाळी बुजवते, म्हणून जाळी आठवड्याला धुवावी. दुसरा पावसाळा. झिओलाइट नत्रवायूपेक्षा ओलावा अधिक हावरेपणाने धरतो, आणि एकदा ओला झाला की त्याची शक्ती उतरते. श्रावणात यंत्र ओलसर कोपऱ्यात ठेवू नये.

माझे मत विचाराल तर त्याने यंत्र घ्यावे आणि एक लहान सिलिंडर राखून ठेवावा. ज्योत अर्ध्यावर विझली की तापलेली नळी थंड होताना तडकते आणि दिवसाचे काम जाते. लाईट गेल्यावर तेवढी नळी सावकाश उतरवून घेण्यापुरता सिलिंडर पुरे. सिलिंडर भिंतीशी साखळीने बांधावा. आणि त्याच्या तोटीला तेलाचा किंवा वंगणाचा हात कधीही लावू नये. तोटी घट्ट झाली की तेल सोडायची आपल्या मिस्त्री लोकांना सवय असते, पण दाबाखालच्या प्राणवायूत तेल आपोआप पेट घेते. घट्ट झालेला सिलिंडर तसाच परत पाठवावा.