इकोफेमिनिझम: एका शब्दाची कुळकथा

विद्यापीठांत रुळलेला हा शब्द एका प्राध्यापक नसलेल्या बाईचा आहे. फ्रान्स्वाज दोबोन ही फ्रेंच लेखिका. कादंबऱ्या लिहिणारी, मोर्च्यात उतरणारी. गर्भपात फ्रान्समध्ये गुन्हा होता तेव्हा, १९७१ साली, ३४३ स्त्रियांनी आपण तो केल्याचं जाहीर केलं. त्यात दोबोनची सही होती. तीन वर्षांनी आलेल्या तिच्या पुस्तकाचं नाव 'स्त्रीवाद किंवा मृत्यू', आणि हा शब्द त्यातला. मराठीत आपण त्याला पर्यावरणीय स्त्रीवाद म्हणतो.

तिचं म्हणणं रोखठोक होतं. पुरुषसत्तेनं जमिनीची सुपीकता आणि बाईची कूस, दोन्ही ताब्यात घेतल्या. त्यातून एकीकडे जमीन झिजली, दुसरीकडे लोकसंख्या फुगली. म्हणून मूल हवं की नको हे बाईनं ठरवणं हा तिच्या मते पृथ्वीच्याही जगण्याचा प्रश्न होता. बाई म्हणजे धरित्री, बाई म्हणजे माया, असलं काही तिला म्हणायचं नव्हतं. पुढे हाच शब्द त्या गोडव्याला चिकटला, याचं मला वाईट वाटतं.

शब्द हिंडला, पुस्तक मात्र घरीच राहिलं. अमेरिकेत कॅरन वॉरन आणि ऑस्ट्रेलियात व्हॅल प्लमवुड यांनी या शब्दाभोवती कसदार तत्त्वज्ञान उभं केलं. निसर्गाला आणि बाईला हलकं ठरवणारा तर्क एकच आहे, हे त्यांनी उलगडून दाखवलं. पण मूळ पुस्तकाचा संपूर्ण इंग्रजी अनुवाद निघाला तो थेट २०२२ मध्ये. दोबोन २००५ सालीच गेली होती.

पुस्तक आलं त्याच वर्षी, २६ मार्च १९७४ ला, गढवालातल्या रैणी गावात गौरादेवी आणि गावच्या बाया झाडं तोडायला आलेल्यांना आडव्या गेल्या. वंदना शिवांनी १९८८ मध्ये 'स्टेइंग अलाइव्ह'मध्ये झाडं वाचवणाऱ्या या चिपको आंदोलनातल्या बायांकडे प्रकृतीच्या, स्त्रीतत्त्वाच्या अंगानं पाहिलं. बीना अगरवालांना ते पटलं नाही. १९९२ च्या लेखात त्यांनी मांडलं, की बाईचं रानाशी नातं रक्तातून येत नाही. सरपण कोण आणतं, चारा-पाणी कोण बघतं आणि जमिनीवर हक्क कोणाचा, यातून ते घडतं.

मला ही मांडणी दोबोनच्या अधिक जवळची वाटते. दोघीही बाईच्या स्वभावाबद्दल बोलत नाहीत, ताब्याबद्दल बोलतात. तुमच्या घरी शेत असेल, तर आज सातबारा काढा आणि त्यावर घरातल्या किती बायांची नावं आहेत, ते मोजा.