परदेशात राहून विधानसभेचे मत : नमुना ६-अ भरा, पण मतदानाला यावेच लागेल

२०२४ च्या विधानसभा निवडणुकीत मालेगाव मध्यचा निकाल अवघ्या १६२ मतांनी लागला. मुफ्ती मोहम्मद इस्माईल आणि आसिफ शेख रशीद यांच्यातली ही लढत राज्यातली सर्वांत कमी फरकाची ठरली. कोण जिंकले, कोण हरले, हा आजचा विषय नाही. आम्हाला बोलायचे आहे ते मालेगावातल्या, जुन्या नाशकातल्या त्या घरांबद्दल, जिथला एखादा मुलगा सौदीला, दुबईला किंवा कतारला कामावर आहे. त्याच्या मताचे काय होते?

२०१० पर्यंत कायद्यात त्याला जागाच नव्हती. मतदार यादीत नाव हवे तर माणूस त्या गावचा ‘सामान्य रहिवासी’ असला पाहिजे, हा नियम. मग लोकप्रतिनिधित्व कायद्यात कलम २०-अ आले आणि फेब्रुवारी २०११ पासून लागू झाले. नोकरी, शिक्षण किंवा दुसऱ्या कारणाने परदेशात राहणारा, भारतीय पासपोर्ट असलेला आणि दुसऱ्या देशाचे नागरिकत्व न घेतलेला १८ वर्षांवरील कोणीही आता ‘अनिवासी मतदार’ होऊ शकतो. इकामा म्हणजे नागरिकत्व नव्हे, त्यामुळे आखातातल्या आपल्या लोकांना अडचण नाही. ब्रिटन-अमेरिकेचा पासपोर्ट घेऊन ओसीआय कार्डावर येणाऱ्यांना मात्र हा हक्क नाही. तसेच दोन-तीन महिने मुलाकडे राहायला गेलेल्या अम्मी-अब्बांना यातले काही करायचे नाही. तात्पुरते बाहेर गेल्याने रहिवास तुटत नाही.

खरी गडबड इथे होते. पोरगा पाच वर्षे रियाधला, नाव मात्र जुन्या साध्या यादीत तसेच. यादीच्या पडताळणीला बीएलओ दारात येतो (बहुतेक वेळा तो आमच्यासारखाच शिक्षक असतो, नाहीतर अंगणवाडी सेविका) आणि घरातून उत्तर जाते, “वो तो बाहर रहता है.” झाले, ‘स्थलांतरित’ अशी नोंद होते आणि पुढे नाव कमी होते. बिहारमध्ये २०२५ च्या विशेष पडताळणीनंतर प्रारूप यादीत सुमारे ६५ लाख नावे नव्हती. मृत, दुबार आणि स्थलांतरित अशी कारणे होती. म्हणून काही घरे भीतीने “इथेच असतो” असे सांगतात. तेही करू नका. यादीसाठी खोटी माहिती लिहून देणे हा गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. खरे सांगूनही नाव टिकवायचा रस्ता कायद्यानेच दिला आहे, तो म्हणजे नमुना ६-अ.

हा अर्ज निवडणूक आयोगाच्या मतदार सेवा पोर्टलवर परदेशातूनच भरता येतो. टपालाने किंवा मतदार नोंदणी अधिकाऱ्याकडे प्रत्यक्षही देता येतो. सोबत फोटो आणि पासपोर्टच्या स्वतः सही केलेल्या प्रती : फोटोचे पान, भारतातल्या पत्त्याचे पान आणि चालू व्हिसाचे पान. नाव लागते ते पासपोर्टवरच्या पत्त्याच्या भागात. म्हणजे घर बदलून वडाळा गावात गेलात, पण पासपोर्टवर अजून भद्रकालीचा पत्ता असेल, तर मत भद्रकालीतच. आधीचे मतदार कार्ड असेल तर ते परत करावे लागते. दोन्हीकडे नाव ठेवता येत नाही. बायको-मुले सोबत असतील तर प्रत्येक सज्ञान व्यक्तीचा अर्ज वेगळा.

अर्ज गेल्यावर बीएलओ पासपोर्टवरच्या पत्त्यावर येऊन घरच्यांकडून कागदांची खात्री करतो, त्यांचे निवेदन घेतो. घरी कोणी नसेल किंवा घरचे निवेदन द्यायला तयार नसतील, तर कागद त्या देशातल्या भारतीय दूतावासाकडे पडताळणीला जातात. त्यामुळे अर्ज भरल्याचे भाईजानने अम्मीला, भाभीला आधीच फोनवर सांगून ठेवावे. नाहीतर कोण, कशाला आले, म्हणून दार लावून घेतले जाते!

आता कडू भाग. नाव लागले तरी मत ऑनलाइन देता येत नाही, टपालाने नाही, दूतावासातही नाही. मतदानाच्या दिवशी आपल्या केंद्रावर मूळ पासपोर्ट घेऊन स्वतः हजर राहावे लागते. अनिवासी मतदाराला ओळखपत्र मिळतच नाही, पासपोर्ट हीच त्याची ओळख. आणि त्याच्या नावावर भावाने किंवा चुलतभावाने मत टाकणे म्हणजे सरळ तोतयेगिरी, त्यालाही एक वर्षापर्यंत शिक्षा आहे. घरातल्या घरात ‘समजून घेण्याची’ ही गोष्ट नाही.

याचा परिणाम आकड्यांत दिसतो. २०२४ च्या लोकसभेला देशात १,१९,३७४ अनिवासी मतदार नोंदलेले होते. मत दिले फक्त २,९५८ जणांनी. त्यातले २,६७० एकट्या केरळचे. महाराष्ट्रात ५,०९७ पैकी १७! केरळमध्ये केएमसीसीसारख्या संघटना निवडणुकीसाठी विमानेच ठरवतात. आपल्याकडे अजून नावनोंदणीच धड नाही.

२०२४ ची विधानसभा १५ ऑक्टोबरला जाहीर झाली, उमेदवारी अर्जांची मुदत २९ ऑक्टोबरला संपली आणि मतदान २० नोव्हेंबरला झाले. कफीलकडून छुट्टी मिळवून तिकीट काढायला हे दिवस अपुरेच. पुढची विधानसभा २०२९ च्या अखेरीस अपेक्षित आहे. दोन वर्षांतून एकदा घरी येणाऱ्याने त्या वर्षीची छुट्टी जमेल तर त्या सुमाराला ठेवावी. नाव मात्र आजच लावावे, कारण उमेदवारी अर्जांची मुदत संपली की यादी बंद होते आणि पडताळणीलाही काही दिवस जातात.

प्रतिनिधीमार्फत मत देण्याची मुभा देणारे विधेयक ऑगस्ट २०१८ मध्ये लोकसभेत मंजूर झाले होते. राज्यसभेत ते अडकले आणि २०१९ मध्ये लोकसभा विसर्जित होताच रद्दबातल ठरले. २०२० मध्ये आयोगाने इलेक्ट्रॉनिक टपाली मतपत्रिकेचा प्रस्ताव सरकारला दिला. सैन्यातल्या मतदारांना ती सोय आहे, अनिवासींना अजून नाही.

कायमचे परत आलात तर नोंदणी अधिकाऱ्याला कळवून सामान्य मतदार म्हणून नव्याने अर्ज करायचा. मग मतदार कार्डही मिळते.