दोन हेक्टरांची रेघ

वर्धा जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला ठिबक सिंचनासाठी महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करायचा, तर सातबाऱ्यासोबत आठ-अ लागतो. खात्यावरचं एकूण क्षेत्र त्यात हेक्टर-आरमध्ये असतं. दोन हेक्टरांपर्यंत तो अल्पभूधारक: केंद्राचे 55 आणि राज्याचे पूरक 25 मिळून 80 टक्के अनुदान. पुढे बहुभूधारक: 45 आणि 30 मिळून 75 टक्के. बोलीभाषेत ही मर्यादा पाच एकरांची. पण पाच एकर मोजले तर 2.02 हेक्टर भरतात. दोन आरांनी गट बदलतो.

या रेघेचं मूळ कर्जाच्या प्रश्नात आहे. सहकारी कर्ज लहान शेतकऱ्यापर्यंत पोचत नाही, हे वेंकटप्पय्या समितीने 1969 साली मांडलं आणि त्याच्यासाठी वेगळी यंत्रणा सुचवली. चौथ्या पंचवार्षिक योजनेत ती उभी राहिली. 1970-71च्या पहिल्या कृषी गणनेने 1, 2, 4 आणि 10 हेक्टरांवर रेघा मारून खातेदारांचे पाच गट केले.

तेव्हा पाण्याचाही विचार होता. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमात पाच एकरांपर्यंतचा शेतकरी अल्पभूधारक ठरे. उत्तम ओलिताच्या जमिनीला मर्यादा अडीच एकरच. राज्याचा सुधारित कमाल जमीनधारणा कायदाही बारमाही ओलिताची मर्यादा 18 एकर ठेवतो, कोरडवाहूची 54.

अनुदानाच्या आजच्या टक्केवारीत हा फरक उरलेला नाही. सेलू तालुक्यातलं बोर धरणाच्या कालव्यावरचं वावर आणि पावसाच्या भरवशावर पऱ्हाटी पेरलेलं वावर एकाच मापाने मोजलं जातं.

या एकाच मापाची झळ 2008च्या कर्जमाफीत विदर्भाला बसली. दोन हेक्टरांपर्यंतचं पात्र थकीत कर्ज पूर्ण माफ झालं. सहा-सात एकर कोरडवाहू कसणाऱ्याला मात्र उरलेली रक्कम भरल्यावरच सवलत होती. त्याच वर्ध्याचा 2006च्या पंतप्रधान पॅकेजमध्ये आत्महत्याग्रस्त सहा जिल्ह्यांत समावेश होता.

पुढे नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाने वर्ध्यासह पंधरा जिल्ह्यांत पाच हेक्टरांपर्यंतच्या शेतकऱ्यालाही वैयक्तिक लाभाच्या कक्षेत घेतलं. ही सुधारणा मोलाची, पण मोजमाप पुन्हा क्षेत्राचंच.

वास्तविक पाण्याची नोंद सरकारदरबारी आहे. सातबाऱ्यातल्या गाव नमुना बारामध्ये जलसिंचित, अजलसिंचित आणि सिंचनाचं साधन यांचे रकाने आहेत, आणि 2021पासून ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः मोबाइलवर पीक आणि पाणी नोंदवतो. अर्जाची छाननी करताना आठ-असोबत ते रकानेही वाचले जावेत, ही मागणी रास्त आहे.