रंगारगल्लीने न घेतलेला रंग

माझं माहेर औरंगपुऱ्यातलं. मंडईतून भाजीची पिशवी घेऊन गुलमंडीकडे निघालं की थोड्याच वेळात रंगारगल्ली लागते. नावातच रंगाऱ्यांची वस्ती आहे. लहानपणी मला प्रश्न पडायचा, आईच्या नखांवरून महिनोन्‌महिने न हलणारा मेंदीचा रंग या गल्लीने कापडासाठी का घेतला नाही? पुढे 34 वर्षं रसायनशास्त्र शिकवलं, तेव्हा त्याचं उत्तर हाती आलं.

नागपंचमीच्या आदल्या दुपारी आई पाट्यावर मेंदीचा ओला पाला वाटायची. त्यात काथ आणि चहाचं कोरं पाणी घालायची. शेजारच्या खाला डोकावून म्हणायच्या, "निंबू डालो, रंग गहरा आता." आई निमूटपणे लिंबू पिळायची. खालांचं बरोबर होतं. मेंदीच्या पानात तयार रंग नसतोच. तो साखरेच्या रेणूला बांधलेला असतो. पाला वाटला की पेशी फुटतात, आंबटपणाने ती गाठ सुटते, हवेतल्या ऑक्सिजनशी गाठ पडते आणि लॉसोन तयार होतो. आयझॅक लॉसन हा स्कॉटिश डॉक्टर लिनियसचा मित्र. त्याच्या नावावरून झाडाला लॉसोनिया म्हटलं गेलं आणि झाडावरून रंगाला लॉसोन. जोडलेली दोन कडी आणि त्यातल्या एका कड्यावर समोरासमोर दोन ऑक्सिजन, ही नॅफ्थोक्विनोनची बांधणी. लॉसोनमध्ये त्याच कड्यावर शेजारी आणखी एक हायड्रॉक्सिल असतो.

हा लॉसोन प्रथिनाला चिकटतो. तळहाताच्या वरच्या थरातल्या केराटिनशी त्याचा रासायनिक बंध जुळतो. म्हणून सकाळी पोपडे खरवडले की हात केशरी दिसतो आणि दुसऱ्या दिवशी तांबडालाल होतो. कातडी झडते तशी हातावरची मेंदी उतरते. नखावरची मात्र नख वाढून कापलं जाईपर्यंत जात नाही. केस, लोकर, रेशीम यांच्यावरही लॉसोन चढतो. सूत म्हणजे सेल्युलोज. त्यात लॉसोनला धरायला काहीच नाही, दोन धुण्यांत रंग पाण्यात जातो. सुती कापडाला लाल रंग हवा तर तुरटी आणि आल या झाडाची मुळं लागत. आलमधला मोरिंडोन हा तीन कड्यांचा अँथ्राक्विनोन, म्हणजे लॉसोनचा चुलतभाऊच. तुरटी त्याला धाग्याला बांधून ठेवते. 1868 मध्ये ग्रेबे आणि लीबरमान यांनी अलिझारीन प्रयोगशाळेत बनवलं आणि पुढे कारखान्याच्या लाल रंगाने आलची शेती बुडवली. मेंदीला त्याची झळ लागली नाही. तिचं गिऱ्हाईक कापड नव्हतंच, माणसाचा देह होता. मला वाटतं, तिचा सगळा पुढचा इतिहास यातूनच समजतो.

देहाशी व्यवहार करणारा याच कुळातला दुसरा रेणू आमच्याकडे काष्ठौषधीच्या दुकानात मिळायचा. चित्रकमूळ. संस्कृतात चित्रकाला अग्नीचीच नावं आहेत, आणि ताजं मूळ ठेचून कातडीवर बांधलं तर खरोखर फोड येतो. हा प्रताप त्यातल्या प्लम्बाजिनचा. वर्गात मी चित्रकाचा पिवळा अर्क परीक्षानळीत घेऊन कॉस्टिक सोड्याचे दोन थेंब टाकायची. पिवळ्याचा लालसर जांभळा व्हायचा आणि मागच्या बाकावरची मुलंही उठून पुढे यायची. मग मी त्यांना सांगायची की वैद्य लोक चित्रकाची शुद्धी चुन्याच्या निवळीत करतात. निवळी लाल होते, ती फेकून देतात. म्हणजे जहाल प्लम्बाजिनचा काही भाग अल्कलीत ओढून काढतात. परीक्षानळीशिवाय गवसलेल्या या युक्तीबद्दल मला आजही फार आदर वाटतो. पुण्यात सुभाष पाध्ये आणि सहकाऱ्यांनी याच प्लम्बाजिनच्या औषधी गुणांचा सविस्तर आढावा 2012 मध्ये प्रसिद्ध केला. पुणे विद्यापीठात सुनीता साळुंके-गवळी यांनी लॉसोनच्या कुळातल्या रेणूंवर काम केलं आहे.

हातावर काळा रंग देणाऱ्या मेंदीच्या कोनाबद्दल इथे सांगायलाच हवं. माझ्या भाचीच्या हळदीला असाच एक कोन आला होता. चौथ्या दिवशी तिच्या मनगटावर नक्षीच्याच आकाराचे फोड उठले. मेंदी कधीच काळी नसते. तो काळेपणा बहुतेक वेळा पॅराफेनिलीनडायअमीन या केसांच्या कलपातल्या रसायनाचा असतो. मेंदीच्या नावावर तो खपवला जातो, याचा मला संताप येतो.

पुन्हा लॉसोनच्या कुळाकडे येते. दुसऱ्या महायुद्धात क्विनीन दुर्मीळ झालं, तेव्हा हार्वर्डच्या लुई फीझर यांनी हिवतापावर हायड्रॉक्सी-नॅफ्थोक्विनोन तपासायला घेतले. त्या वाटेने पुढे अटोव्हाक्वोन आलं आणि जनावरांसाठी बुपार्व्हाक्वोन. लॉसोनचीच चौकट, तिला एक लांब शेपटी जोडलेली. परजीवीच्या श्वसनसाखळीत जिथे युबिक्विनोन हा क्विनोन रेणू बसायचा, ती जागा हे रेणू अडवतात.

माझ्या भावाचं शेत पैठण रस्त्याला आहे. एका श्रावणात त्याच्या संकरित गाईला गोचीडताप झाला. ताप 105 अंश, खांद्यापुढच्या गाठी लिंबाएवढ्या, रवंथ बंद. डॉक्टरांनी पिशवीतून बाटली काढली. आतलं औषध लाल, बाटलीवर नाव बुपार्व्हाक्वोन, दर 20 किलोला 1 मिली. गाईचं वजन अंदाजे 400 किलो धरून त्यांनी 20 मिली मानेच्या दोन्ही बाजूंना वाटून टोचलं. मी पेंडीच्या रिकाम्या गोणीवर कोळशाने दोन कडी काढली, दोन ऑक्सिजन मांडले, शेजारी हायड्रॉक्सिल लिहिला. भाऊ म्हणाला, "ताई, हे काय?" मी नागपंचमीची मेंदी लावलेला हात त्याच्यासमोर धरला. तो एकदा हाताकडे बघे, एकदा बाटलीकडे.

तिसऱ्या दिवशी गाईने कडब्याला तोंड लावलं.