पेशव्यांनी दिलेल्या जमिनीवरचं चर्च: पुण्याच्या ‘सिटी चर्च’ची गोष्ट

पुण्यात क्वार्टर गेटजवळ, ऑर्नेलाज शाळेच्या शेजारी एक जुनं कॅथलिक चर्च आहे. कागदोपत्री नाव ‘इमॅक्युलेट कन्सेप्शन चर्च’, पण लोकांच्या तोंडी ‘सिटी चर्च’. पुण्यातलं हे सर्वांत जुनं चर्च मानलं जातं आणि त्याला जागा दिली ती चक्क पेशव्यांनी.

आता तुम्ही म्हणाल, हे कसं? कारण मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी पोर्तुगिजांकडून वसई जिंकली, तेव्हा तिथल्या चर्चच्या घंटा विजयाची खूण म्हणून मराठी मुलखात आल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिरात त्यातली एक आहे. दुसरी, १७०७ साल कोरलेली, वाईजवळ मेणवलीच्या घाटावर. मेणवली म्हणजे नाना फडणवीसांचं गाव.

उत्तर फौजेत सापडतं. पेशव्यांच्या चाकरीत पोर्तुगीज आणि गोव्याकडचे ख्रिस्ती लोकही होते. पुण्यात त्यांना प्रार्थनेसाठी जागा नव्हती. दॉम मिगेल द नोरोन्हा या अधिकाऱ्याने ती मागितली आणि सवाई माधवरावांनी दिली. पेशवे तेव्हा जेमतेम १८ वर्षांचे, कारभार नानांच्याच हाती. १७९२ च्या नाताळात इथे पहिली मिस्सा झाली. सुरुवातीची वास्तू अगदी साधी होती. आजची इमारत १८५२ ची.

चर्चच्या नावाबद्दल हमखास गैरसमज होतो. ‘इमॅक्युलेट कन्सेप्शन’ म्हणजे येशूचा जन्म नव्हे. मरिया स्वतः आईच्या पोटात आली तीच मूळ पापाविना, अशी ती श्रद्धा. पोपनी तिला अधिकृत सिद्धांताचा दर्जा दिला १८५४ मध्ये, म्हणजे इमारतीनंतर दोन वर्षांनी. पण पोर्तुगालने १६४६ मध्येच या रूपातल्या मरियेला देशाची आश्रयदाती ठरवलं होतं. सण ८ डिसेंबरला.

कॅम्पाच्या बाजूचं सेंट पॅट्रिक्स १८५० चं. ते ब्रिटिश फौजेतल्या आयरिश शिपायांसाठी, म्हणून नाव आयर्लंडच्या संताचं.

आत गेल्यावर एक फरक ध्यानात ठेवा. देवळात आपण गाभाऱ्यापर्यंत जातो, प्रदक्षिणा घालतो. कॅथलिक चर्चमध्ये सगळा धर्मग्राम एकाच वेळी मिस्सेला बसतो, म्हणून लांबट मोकळं सभागृह आणि टोकाला वेदी. पूर्वी फादर वेदीकडे तोंड करून लॅटिनमध्ये मिस्सा करत. १९६२ ते १९६५ च्या व्हॅटिकन परिषदेनंतर ते लोकांकडे वळले आणि मिस्सा मराठीतही होऊ लागली.