सुपरझूम कॅमेरा आणि उलव्याची टेकडी

आज राजे नाहीत, लढाया नाहीत. आजचा इतिहास माझ्या कपाटातल्या एका जुन्या सुपरझूम कॅमेऱ्याचा आहे. आणि आमच्या पनवेलच्या गच्चीवरून एकेकाळी दिसायची त्या एका टेकडीचा.

सुरुवात मामाच्या मेसेजपासून झाली. माझं आजोळ म्हणजे नवी मुंबई विमानतळासाठी उठवलेल्या दहा गावांपैकी एक. ८ ऑक्टोबर २०२५ ला विमानतळाचं उद्घाटन झालं, २५ डिसेंबरला विमानं उडायला लागली, आणि मामाने घरातल्या मुलांसाठी गावाचा अल्बम करायला घेतला. त्याने विचारलं, "तुझ्याकडे टेकडीचे फोटो होते ना? पाठव. तारीख-वार लिहून पाठव."

मी हार्ड डिस्क शोधली आणि फोटो पाठवले. पाच मिनिटांत मामाचा फोन. "अरे, यावर २०१२ लिहिलंय. २०१२ ला तू शाळेत होतास. कॅमेरा कुठला आणलास?"

मामाचं बरोबर होतं. कॅमेरा मी इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला सेकंडहँड घेतला होता. म्हणजे फोटो खरे, तारीख खोटी. आणि ज्या गोष्टीचा फोटो होता ती आता पुन्हा जाऊन बघता येत नाही. उलव्याची टेकडी सुमारे ९० मीटर उंच होती. धावपट्टीसाठी ती कापून सपाट केली. तिथली नदीसुद्धा वळवली.

तर आज आपण ही तारीख शोधणार आहोत. पण त्याआधी हे सुपरझूम प्रकरण आलं कुठून, ते बघू.

लांबचं जवळ आणायची धडपड

मुंबईत कॅमेरा फार लवकर आला. फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे १८५४ ची. भाऊ दाजी लाड यांचे भाऊ डॉ. नारायण दाजी हे त्या काळातले नावाजलेले फोटोग्राफर. पण तेव्हाच्या कॅमेऱ्याने लांबचा पक्षी टिपणं अशक्यच होतं. ओल्या काचेवर फोटो घ्यायचा आणि काच सुकायच्या आत ती धुवायची. आपल्या उन्हाळ्यात काच किती वेळ ओली राहणार, विचार करा.

मग पक्ष्याची नोंद कशी करायची? बंदुकीने. हे ऐकायला विचित्र वाटतं, पण सलीम अलींची सुरुवातही तिथूनच आहे. १९०८ मध्ये लहानग्या सलीमने एअरगनने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ती कुठली हे विचारायला तो बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत गेला आणि पुढचा इतिहास तुम्हाला माहीत आहे. पुढे १९३० मध्ये त्यांनी सुगरणीचा गाजलेला अभ्यास केला, तो आपल्याच रायगड जिल्ह्यात, अलिबागजवळच्या किहीमला.

टेलिफोटो भिंगाची कल्पना १८९१ च्या आसपास आली. फोटोच्या ३५ मिमी कॅमेऱ्यासाठी पहिलं झूम भिंग बाजारात आलं ते १९५९ मध्ये, झूमार नावाचं. त्याची रेंज होती ३६ ते ८२ मिमी. म्हणजे सव्वादोन पटसुद्धा... अगदी जेमतेम.

डिजिटलचा धागा वेगळाच. १९७५ मध्ये कोडॅकमधल्या स्टीव्हन सॅसन या तरुण इंजिनीअरने पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला. वजन साडेतीन किलोच्या वर, फोटो १०० बाय १०० पिक्सेलचा, आणि एक फोटो कॅसेटवर उतरायला २३ सेकंद!

हे दोन धागे एकत्र आले २००० च्या सुमारास. ऑलिंपसच्या सी-२१०० ने १० पट झूम आणि हात हलला तरी चित्र सावरणारं स्टॅबिलायझेशन एकाच डब्यात दिलं. २००२ मध्ये पॅनासॉनिकचा एफझेड-१ आला, १२ पट. मग शर्यतच लागली. २०१२ मध्ये कॅननचा एसएक्स-५० ५० पटांवर. २०१५ मध्ये निकॉनचा पी-९०० ८३ पटांवर. २०१८ मध्ये पी-१००० थेट १२५ पटांवर, म्हणजे ३००० मिमी.

आता प्रश्न असा, की लाखो रुपयांच्या भिंगाचं काम एवढासा कॅमेरा कसा करतो? उत्तर सेन्सरमध्ये आहे. मोठ्या फुल-फ्रेम सेन्सरचं क्षेत्रफळ ८६४ चौरस मिमी. सुपरझूममधला सेन्सर साधारण २८ चौरस मिमी, म्हणजे तीस पट लहान, नखाएवढा. लहान सेन्सरला लहान भिंग पुरतं. माझ्या कॅमेऱ्यावर '१००० मिमी' लिहिलंय, पण भिंगाची खरी फोकल लेंग्थ १८० च्या आसपास. बाकीचं काम सेन्सरच्या लहानपणाचं. त्याची किंमतही असते. उजेड कमी झाला की हाच सेन्सर फोटोत दाणे आणतो.

शिकणं, म्हणजे चुकणं

कॅमेरा घेतला तो कर्नाळ्यासाठी. पनवेलपासून दहा-बारा किलोमीटर, मुंबई-गोवा रस्त्यावर, १९६८ पासूनचं पक्षी अभयारण्य. मी पहिल्या दिवशी १५० फोटो काढले. त्यात पक्षी होते ११, आणि ओळखू येतील असे दोन. त्यातला एक कावळा.

चुका सांगतो, तुमच्या उपयोगाच्या आहेत.

पहिली चूक, पूर्ण झूम करून मग पक्षी शोधणं. एवढ्या झूमला दिसणारी जागा इतकी अरुंद होते, की समोर नुसती पानं. आधी झूम कमी ठेवायचा, पक्षी मधोमध घ्यायचा, मग हळूहळू जवळ जायचं.

दुसरी चूक, शटर स्पीड. जुना ठोकताळा असा की १००० मिमीला निदान १/१००० सेकंद. स्टॅबिलायझेशनमुळे यात बरीच सूट मिळते, पण ती हाताच्या थरथरीला. पक्षी हलला तर ते काही करू शकत नाही.

तिसरी चूक मला फार उशिरा कळली. दुपारी बाराला गच्चीवरून लांबचा फोटो काढला की तो पाण्यातून काढल्यासारखा यायचा. वाटलं भिंग गेलं. भिंग ठीक होतं. तापलेली हवा मध्ये थरथरत होती. झूम जितका जास्त, तितकी मधली हवाही जास्त दिसते. इलाज एकच, सकाळी लवकर उठा.

'लेन्स एरर'

मग एक दिवस भिंग अर्धं बाहेर येऊन थांबलं. स्क्रीनवर 'लेन्स एरर'. सुपरझूमवाल्यांना हे दोन शब्द चांगले ठाऊक असतात.

आतमध्ये एकात एक बसलेल्या नळ्या असतात. छोटी मोटर त्या सरकवते आणि सेन्सर सांगतो, "पोचलो." ठरलेल्या वेळात हा निरोप आला नाही की सॉफ्टवेअर हात वर करतं. आमच्या भाषेत टाइमआउट. म्हणजे मोटर मेलेली असेलच असं नाही. बहुतेक वेळा वाळूचा कण नळीत अडकलेला असतो. माझा कण किहीमच्या किनाऱ्यावरचा, कारण मी कॅमेरा टॉवेलबरोबर एकाच बॅगेत टाकला होता. दोष शंभर टक्के माझा.

बॅटरी काढून घातली, भिंग खाली धरून ब्लोअर मारला, पूर्ण चार्ज करून पाहिलं. यापुढे ढकलाढकली करू नका, नळ्यांचे दात तुटतात. मी तो फोर्टमध्ये बोरा बझारला एका दुरुस्तीवाल्या काकांकडे नेला. त्यांनी उघडला, साफ केला आणि म्हणाले, "मशीन चांगलं आहे. तू वापरायला शीक."

त्या दिवशी जरा लागलं ते. पण दादासाहेब फाळके आठवा. १९१२ मध्ये लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणला आणि लगेच सिनेमा नाही काढला. आधी कुंडीत वाटाणा लावला आणि त्याचा अंकूर वाढताना एकेक फ्रेम टिपत बसले. यंत्र हातात बसल्यावर मग १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र'.

तारीख कशी सापडली

आता मूळ प्रश्नाकडे. फोटोवर तारीख होती ६ जानेवारी २०१२, संध्याकाळी ५ वाजून १० मिनिटं.

कॅमेऱ्यात घड्याळासाठी एक छोटी वेगळी सेल असते. ती मोठ्या बॅटरीवर चार्ज होते. परीक्षांमुळे कॅमेरा दोन महिने बॅटरीविना पडून होता, सेल उतरली आणि घड्याळ १ जानेवारी २०१२ वर गेलं. चालू करताना कॅमेऱ्याने तारीख विचारली असणार. मी 'कॅन्सल' दाबलं असणार. आपण सगळे तेच करतो.

पहिला पुरावा उन्हाचा. आमच्या गच्चीवरून टेकडी पश्चिमेला. खरंच संध्याकाळ असती तर सूर्य टेकडीच्या मागे असता आणि ती काळी दिसली असती. फोटोत मात्र तिच्या आमच्याकडच्या अंगावर कोवळं ऊन आहे. म्हणजे सकाळ. म्हणजे नुसतं वर्ष नाही, तासही चुकलेत.

दुसरा पुरावा त्याच फोल्डरमध्ये होता. लालसर तांब्यासारखा चंद्र! पूर्ण झूम करून काढलेले तीसेक फोटो. ३१ जानेवारी २०१८ चं खग्रास चंद्रग्रहण. त्या संध्याकाळी आपल्याकडे चंद्र उगवला तोच ग्रहणात. खग्रास अवस्था संपली साधारण ७ वाजून ३८ मिनिटांनी. माझ्या फोटोंत चंद्राच्या कडेला पहिल्यांदा पांढरा उजेड दिसतो, त्या फोटोवर कॅमेऱ्याची वेळ होती १९ जानेवारी २०१२, पहाटे ४ वाजून ३८ मिनिटं.

मग बाकी राहिली वजाबाकी. टेकडीच्या फोटोपासून ग्रहणाच्या फोटोपर्यंत कॅमेऱ्याच्या घड्याळात ११ तास २८ मिनिटं आणि १२ दिवस गेले होते. फाइलींचे नंबर सलग होते, वेळ कुठेही मागे गेली नव्हती, म्हणजे मध्ये घड्याळ पुन्हा उतरलं नव्हतं. ग्रहणाच्या खऱ्या वेळेतून तेवढं मागे आलो. उत्तर आलं, शुक्रवार, १९ जानेवारी २०१८, सकाळी ८ वाजून १० मिनिटं. उन्हाशी जुळलं. मिनिट-दोन मिनिटं इकडे तिकडे, पण दिवस पक्का.

ही युक्ती माझी नाही बरं का. जुन्या ताम्रपटांत 'सूर्यग्रहणाच्या पर्वावर दान दिलं' असे उल्लेख येतात. इतिहासकार ते ग्रहण गणिताने शोधतात आणि ताम्रपटाची तारीख तपासतात. मी तेच माझ्या एसडी कार्डवर केलं. नंतर एक्झिफटूल नावाच्या फुकट प्रोग्रॅमने सगळ्या फाइलींची वेळ एकदम सरकवली. मूळ फाइली मात्र तशाच जपून ठेवल्यात. चुकलेली तारीख हाही पुरावाच आहे.

पुढच्याच महिन्यात, १८ फेब्रुवारी २०१८ ला, विमानतळाचं भूमिपूजन झालं. टेकडीचं कापकाम आधीच सुरू होतं. फोटोत एका बाजूला मुरमाचा पिवळट पट्टा दिसतो तो त्याचाच.

अपग्रेड करू का?

हा प्रश्न मला नेहमी येतो. माझं उत्तर आधी वेगळं होतं. तेव्हा मला पी-९०० हवा होता. टेकडीचे त्या दिवशी मी फक्त चार फोटो काढले, त्यातले तीन हललेले. मनात होतं, नोकरी लागली की चांगला कॅमेरा घेऊ आणि मग नीट काढू. नोकरी लागली, पैसे आले. तोवर टेकडी नव्हती.

म्हणून आता सांगतो. मोठा सेन्सर हवा असेल, पहाटे जंगलात फोटो काढायचे असतील, तर जरूर पैसे घाला. पण आधी मोफतचे अपग्रेड करा. कॅमेऱ्याचं घड्याळ लावा. कंपनीचं नवं फर्मवेअर असेल तर टाका. वेगवान, अस्सल कार्ड घ्या. पावसाळ्यात डबाबंद सिलिका जेलमध्ये ठेवा, आपल्या कोकणच्या दमटपणात भिंगाला बुरशी धरते.

आणि फोन? फोनचा झूम आता जबरदस्त आहे. पण २०२३ मध्ये एकाने मुद्दाम धूसर केलेला चंद्र स्क्रीनवर लावून सॅमसंगच्या फोनने टिपला, तर फोनने त्यात नसलेले बारकावे भरून दिले. इन्स्टाला ते चालतं. पण माझ्या हिशेबाला चंद्राच्या कडेचा खरा उजेड लागत होता, त्यामुळे माझा दाणेदार फोटो मला जास्त कामाचा.

शेवटी मामाला तो एक बरा फोटो पाठवला, खाली खरी तारीख लिहून. मला त्यात टेकडी आणि खाली झाडांचा ठिपक्यांसारखा पुंजका एवढंच दिसत होतं. मामाने तो मोठा करून एका ठिपक्याभोवती लाल गोल काढून परत पाठवला. लिहिलं होतं, "हे आपलं अंगण. आई रोज सकाळी आठला इथे झाडायची."

तर मंडळी, आज घरी गेलात की तुमच्या कॅमेऱ्यातली तारीख एकदा बघा. आणि खिडकीतून जे काही रोज दिसतं, त्याचा एक फोटो काढून ठेवा. भेटू पुढच्या भागात.